झिलई आणि झीज

काळ्या रंगाची मोटार सावलींत उभी असतां जितकी घरंदाज दिसते, तितकी ती उन्हांत दिसेलच असा नेम नाहीं. सकाळच्या सावलींत जिच्या टपावर आकाशाचा तुकडा आणि दारांतल्या आंब्याची फांदी स्वच्छ पाण्यांत पडावी तशी पडलेली असते, तिच्याच बॉनेटवर बाराचें ऊन आलें, कीं सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्यानें जाळें विणावें तसे सहस्रावधि बारीक चकचकीत तंतु दिसूं लागतात. गॅरेजांतील मंडळी त्यांस ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. आपण या लेखापुरतें त्यांस भोवरे म्हणूं. ज्यांच्या घरीं गडद रंगाची मोटार आहे त्यांनीं हे भोवरे पाहिलेच असतील. आणि ज्यांच्या घरीं पांढरी आहे त्यांच्याहि मोटारीवर ते असतातच, मात्र पांढऱ्या रंगाच्या उजेडांत ते लपून जातात. काळा रंग कांहीं लपवीत नाहीं. हा त्याचा गुण समजावा कीं दोष, हें ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे.

या भोवऱ्यांविषयीं पहिली मौज अशी, कीं ते मुळीं भोवरे नसतातच. रंगावर उमटलेले चरे सरळ, तिरपे, उभे, आडवे, वाटेल त्या दिशेनें गेलेले असतात. परंतु चऱ्याच्या कडेवरून परतणारा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे यावयाचा तर चऱ्याची दिशाहि त्यास अनुकूल असावी लागते. म्हणून असंख्य चऱ्यांपैकीं सूर्याच्या प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या दिशेनें जे पडले असतील, तेवढेच चमकतात. बाकीचे अंधारांत राहतात. चमकणाऱ्यांचीं मिळून वर्तुळें भासतात. ज्यांस हें पडताळून पाहावयाचें असेल, त्यांनीं दहावीस वर्षें घासलेलें घरांतलें स्टीलचें ताट दिव्याखालीं धरावें. त्यावरहि दिव्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं अशींच वर्तुळें दिसतील, आणि ताट किंचित् हलवितांच तीं वर्तुळें प्रतिबिंबाच्या मागोमाग सरकतील. पावसाळ्यांतल्या रात्रीं रस्त्यावरच्या दिव्याआड आलेल्या झाडाच्या ओल्या फांद्या दिव्याभोंवतीं गोल रचल्यासारख्या दिसतात, त्याचेंहि कारण हेंच.

आतां हे चरे पाडतो कोण? सर्वसाधारण समजूत अशी, कीं गल्लींतलीं पोरें, सायकलींचीं हँडलें, मांजरांचीं नखें अशा बाहेरच्या उपद्रवांनीं मोटारीची कांति जाते. हे उपद्रव खरे. पण त्यांनीं पडणारे ओरखडे मोजके असतात, आणि कोणता केव्हां पडला हें आपल्या ध्यानांतहि राहतें. भोवरे पाडतो तो मात्र मोटारीला रोज पुसणारा हात. पुण्यामुंबईच्या कोणत्याहि वसाहतींत पहाटे जाऊन पाहावें. एक माणूस एक बादली आणि एक फडकें घेऊन दहाबारा मोटारी पुसून काढीत असतो. पहिल्या मोटारीची धूळ फडक्यांत, फडक्यांतून बादलींत, आणि बादलींतून दुसऱ्या मोटारीवर, अशी तिची यात्रा चालते. जिला आपण धूळ म्हणून क्षुद्र लेखतों, तिच्यांत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं पदार्थांच्या काठिण्याची जी दहा पायऱ्यांची शिडी ठरवून दिली, तिच्यांत गारगोटीची पायरी ७ वी आहे; चाकूचें पोलाद साडेपांचाच्या आसपास येतें, आणि मोटारीचा रंग तर त्याहून पुष्कळच खालीं. असा एकेक कण फडक्याखालीं सांपडला, कीं प्रेमानें फिरविलेल्या प्रत्येक हाताबरोबर तो आपली रेघ ओढीत जातो. त्या पुसणाऱ्या माणसास बोल लावणें मात्र अन्यायाचें होईल. थोडक्या रुपयांत, मोजक्या पाण्यांत, आणि कचेऱ्यांची वेळ होण्याच्या आंत बारा मोटारी लखलखीत करून दे, असें आपणच त्यास सांगितलेलें असतें.

हे कण ज्याच्यावर रेघा ओढतात तो रंग म्हणजे तरी काय, तें थोडक्यांत पाहूं. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर बहुधा एकावर एक असे चार लेप असतात. अगदीं खालचा गंजापासून रक्षण करणारा. तो देण्यासाठीं मोटारीचा सबंध सांगाडा हौदांत बुडवून विजेच्या साह्यानें लेप पत्र्यावर बसवितात. त्यावर पृष्ठभाग सारखा करणारें अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांच्या वर पाण्यासारखा पारदर्शक लेप. या चारांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक भरते. त्यांतला वरचा पारदर्शक लेप साधारण ४० ते ५० मायक्रॉनांचा. आपल्या डोक्याच्या केंसाहूनहि बहुधा पातळ. मोटारीचें सारें तेज या एवढ्याशा पापुद्र्यांत सांठविलेलें असतें. पाऊस सोसावयाचा तो यानेंच, आणि सूर्याच्या जंबुपार किरणांपासून खालच्या रंगाला वांचवावयाचें तेंहि यानेंच.

या लेपांत पडलेले भोवरे घालवावयाचे म्हणजे काय करावयाचें? पॉलिश या शब्दामुळें पुष्कळांस असें वाटतें, कीं कांहींतरी चोपडून चरे बुजविले जातात. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. चरा बुजत नाहीं. त्याच्या आजूबाजूचा लेप घासून चऱ्याच्या तळापर्यंत खालीं आणला जातो. रस्त्यांतला खड्डा भरून न काढतां सबंध रस्ताच खड्ड्याइतका खोल खणावा, तसला हा प्रकार आहे. पॉलिशच्या मलमांत ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण द्रव्याची अत्यंत बारीक पूड असते. ती स्पंजाच्या चकतीवर घेऊन यंत्रानें फिरविली, कीं मोठे चरे जाऊन त्यांच्या जागीं लहान चरे येतात. मग अधिक बारीक पुडीनें त्याहून लहान. आणि शेवटीं ते इतके लहान होतात, कीं डोळ्यांस दिसत नाहींत. डोळ्यांस न दिसणाऱ्या या चऱ्यांनाच आपण तकाकी म्हणतों.

हें ज्ञान नवें नव्हे. सर ऐझॅक न्यूटन यानें १७०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथांत कांचेच्या झिलईविषयीं हेंच सांगून ठेविलें आहे, कीं पूड कितीहि बारीक असली तरी ती कांचेला ओरखडल्यावांचून गुळगुळीत करूं शकत नाहीं; ओरखडे दिसेनासे होण्याइतके बारीक झाले, म्हणजे झिलई झाली. न्यूटननें आपल्या दुर्बिणीचा आरसा स्वतः घासला होता. तेव्हां हें ज्ञान त्याच्या बोटांतलें होतें. पुढें १७८१ सालीं युरेनस ग्रहाचा शोध लावणारा विल्यम हर्शेल हा एकदां आरशाला शेवटचा हात देतांना सलग सोळा तास त्यावरून हात न काढतां बसला होता, आणि त्याची बहीण कॅरोलाइन त्यास घांस भरवीत होती, असें तिनेंच लिहून ठेविलें आहे. आमच्या वाचकभगिनींस यांत विज्ञानापेक्षां बहिणीचीच तपश्चर्या मोठी वाटली, तर आमची हरकत नाहीं.

मोटारीपुरतें बोलावयाचें तर झिलई आणि झीज यांचा संबंध पूर्वीं उघड दिसत असे. आरंभींच्या मोटारींना घोड्याच्या गाड्यांप्रमाणें कुंचल्यानें रोगण देत, आणि तें वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. अमेरिकेंत १९२३ सालीं ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनीं ‘ड्युको’ नांवाचें नवें रोगण मोटारींसाठीं आणलें. तें फवाऱ्यानें मारतां येई आणि कांहीं तासांत वाळे. मात्र वाळल्यावर तें मंद दिसे, आणि घासून काढल्यावांचून त्यास चमक येत नसे. अर्थात् मोटारीच्या चमकेचा जन्मच मुळीं घासण्यांतून झाला. आमच्या लहानपणीं वडिलांकडे कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली आकाशी रंगाची प्रीमियर पद्मिनी होती. तिच्यावर निराळा पारदर्शक लेप नव्हता. रंग हाच शेवटचा थर. दिवाळीच्या आधींच्या रविवारीं वडील जुन्या धोतराचें फडकें घेऊन तिला पॉलिश करीत, तेव्हां मोटार चकाके आणि फडकें आकाशी होई. तें फडकें पाहून वडील म्हणत, “पुरे आतां. राहिलेला रंग पुढच्या वर्षाला ठेवा.” गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत पारदर्शक लेपाची पद्धत जगभर रूढ होत गेली, आणि ही उघड साक्ष नाहींशी झाली. आतां यंत्राच्या चकतीवर जमतो तो पांढुरका चिखल. त्यांत मलम किती आणि मोटार किती, हें कोणास सांगतां येत नाहीं. झीज पूर्वींइतकीच होते. ती दिसत मात्र नाहीं.

घरांतल्या भांड्यांकडे पाहिलें असतां हा भेद स्त्रियांस पुरुषांहून लवकर उमजेल. पितळेच्या पातेल्यास कल्हई लावतात तेव्हां त्याच्यावर कथलाचा नवा थर चढतो. ती भर आहे. चिंचेनें तांब्याचा गडवा लखलखीत करतात तेव्हां त्याच्या अंगावरचें कांहींतरी निघून जातें. ती वजाबाकी आहे. मोटारीला लावतात तें मेण कल्हईच्या जातीचें, आणि पॉलिश चिंचेच्या जातीचें. बाजारांत एक तिसरा प्रकारहि मिळतो. त्यांतील तेलकट द्रव्य चऱ्यांत बसतें, मोटार त्या दिवशीं आरशासारखी दिसते, आणि चारदोन वेळां धुतल्यावर सारे भोवरे पूर्ववत् प्रकट होतात. वजाबाकीची गोष्ट निघाली म्हणजे आम्हांस आमच्या देव्हाऱ्यांतल्या चांदीच्या टाकांची आठवण होते. पणजीपासून चार पिढ्यांच्या हातांनीं ते भक्तीनें घासले, आणि आज कुलस्वामिनीच्या मुखावर नाक कोठें आणि डोळे कोठें, हें माहितगारासच कळतें. तिचा अनादर कोणीं केला नाहीं. उलट आदर एक दिवसहि चुकला नाहीं, म्हणूनच मुख झिजलें.

हें सारें आम्हांस इतक्या तपशिलानें पाहण्याचा प्रसंग आला, तो आमच्या पुतणीच्या लग्नाच्या निमित्तानें. माघांतला मुहूर्त धरला होता. नवरीला न्यावयाची ती घरच्याच मोटारींतून, असें ठरलें. मोटार २०११ सालची, काळी. आमच्या वडिलांनीं, म्हणजे ती. कै. अण्णांनीं, थोरल्या बंधूंच्या बरोबरीनें पैसे घालून घेतलेली. तिच्यावर भोवऱ्यांचें रान माजलें होतें. लग्नघरची मोटार अशी कशी चालेल, म्हणून दादांनीं पुण्यांतल्याच एका लहानशा वर्कशॉपांत ती नेण्याचें ठरविलें, आणि सोबतीस आम्हांस घेतलें. मातोश्रीहि, घरांत लग्नाच्या गडबडीचा कंटाळा आला म्हणून, आमच्याबरोबर आल्या.

तेथील कारागीर वयानें तरुण, पण वृत्तीनें सावकाश होता. त्यानें प्रथम भरपूर पाण्यानें मोटार धुतली. मग चिकणमातीच्या गोळ्यासारखी एक वस्तु ओल्या पत्र्यावरून फिरवून, लेपांत रुतून बसलेले डांबराचे व लोखंडाचे कण उचलून काढले. दारांच्या रबरी कडांना आणि अक्षरांना चिकटपट्ट्या लावल्या. इतकें झाल्यावर त्यानें खिशांतून काडेपेटीएवढें एक यंत्र काढून तें जागोजागीं टेकविलें, आणि येणारे आंकडे तो पट्टीवर पेन्सिलीनें लिहूं लागला. बॉनेटवर ११४, टपावर १२१, मागच्या दारावर ११०. हे मायक्रॉन. यंत्र चुंबकाच्या तत्त्वावर चालतें, आणि पत्र्यापासून वरपर्यंतच्या सर्व लेपांची एकंदर जाडी सांगतें. वरचा पारदर्शक लेप किती उरला आहे, हें तें वेगळें सांगत नाहीं. तेवढें कारागिरानें अनुमानानें जाणावयाचें असतें. जोरकस पॉलिशांत एका खेपेस साधारण एक ते चार मायक्रॉन जातात, असा त्यानें हिशेब सांगितला. म्हणजे ही शिल्लक मोठी नव्हे. आणि तिच्यांत पुन्हां भर पडत नाहीं.

बॉनेटच्या एका कोपऱ्यावर त्यानें वीतभर चौकोन आंखून घेतला, आणि सर्वांत मऊ चकती व सर्वांत सौम्य मलम आधीं वापरून पाहिलें. तेवढ्यानें भागत असेल तर त्याहून कडक कांहीं वापरावयाचें नाहीं, हा त्या धंद्यांतला पहिला नियम. त्याचें यंत्रहि नुसतें गरगर फिरणारें नव्हतें. चकती फिरतां फिरतां किंचित् इकडेतिकडे झुलत असे, म्हणजे एकाच जागीं उष्णता सांठून लेप भाजण्याची भीति कमी. चौकोन पुसून त्यानें त्यावर दिवा धरला. चौकोनाच्या बाहेर जाळें होतें. आंत नुसता दिवा होता. दादांनीं समाधानानें मान हलविली. मग बॉनेट, टप, मागचीं दारें, असें करीत दोन प्रहर टळले, आणि शेवटीं तो चालकाच्या दाराशीं आला.

चालकाच्या दारावर, कुलुपाच्या छिद्राभोंवतीं, पंधरावीस चरे होते. ते भोवऱ्यांसारखे केंसाएवढे नव्हते. कांहीं नखाएवढे, कांहीं अर्ध्या बोटाएवढे, आणि एक खालीं चांगला चार बोटें ओघळलेला. ते अण्णांचे होते. २०१६ च्या सुमारास अण्णांस कंपवात जडला, आणि मोटार चालविणें त्यांनीं आपण होऊन सोडलें. परंतु रोज सायंकाळीं खालीं जाऊन मोटार उघडावयाची, पांच मिनिटें इंजिन चालू ठेवावयाचें आणि पुन्हां कुलूप लावून वर यावयाचें, हा परिपाठ त्यांनीं सोडला नाहीं. बटन दाबून शिट्टी वाजविणारी किल्ली त्यांस कधींच रुचली नाहीं; किल्ली छिद्रांत घालून फिरविली म्हणजेच कुलूप लागलें, असें त्यांचें मत. हात थरथरे, किल्लीचें टोंक छिद्राभोंवतीं चांचपडत फिरे, आणि मग एकदांचें आंत जाई. “आम्ही उघडतों,” असें म्हणण्याचा धीर घरांत कोणास झाला नाहीं. २०२१ सालीं अण्णा गेले.

कारागिरानें यंत्र टेकविलें. आंकडा आला ८३. त्यानें पुन्हां टेकविलें, पुन्हां ८३. “साहेब, येथें मागें कोणीतरी जोरानें बफ मारला आहे,” तो म्हणाला. मग त्यानें एका चऱ्यावरून आडवें नख फिरविलें. नख अडकलें. “ज्यांत नख अडकतें, तो चरा पॉलिशनें जात नाहीं. घालवायला गेलों तर खालचा रंग उघडा पडेल. सबंध दार नव्यानें रंगवावें लागेल.”

दादा लागलेंच म्हणाले, “मग रंगवून टाका.”

आम्हांस तें रुचलें नाहीं. आम्हीं हळूच म्हटलें, “दादा, कारखान्यांत हा लेप साधारण १४० अंश उष्णतेंत भाजून काढलेला असतो, येथें काचा, रबर, गाद्या सर्व जागच्या जागीं असल्यामुळें तितकी उष्णता देतां येत नाहीं, साठाच्या आसपास देतात. मूळचा लेप एकदां गेला, कीं तसा पुन्हां यावयाचा नाहीं. आणि शिवाय हे चरे अण्णांचे आहेत. ते पुसून टाकावेत, असें तुम्हांस वाटतें तरी कसें?”

दादांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. ते दाराकडेच पाहात म्हणाले, “तूं ही मोटार महिन्यांतून एकदां चालवितोस. मी रोज सकाळीं या दाराला हात घालतों. रोज सकाळीं मला त्यांचा तो हात दिसतो. त्यांचें चालणें दिसत नाहीं, शिकविणें दिसत नाहीं, पद्मिनी पुसणें दिसत नाहीं. तो थरथरणारा हात तेवढा दिसतो. चार वर्षें झालीं. मला अण्णा विसरावयाचे नाहींत रे. मला ते असे आठवावयाचे नाहींत.”

यावर उत्तर नव्हतें. आम्ही दोघेहि मातोश्रींकडे वळलों. त्यांची दृष्टि अलीकडे फार अधू झाली आहे. त्या खुर्चीवरून उठून दाराशीं आल्या, आणि त्यांनीं छिद्राभोंवतीं बोट फिरविलें. “मला कांहीं दिसत नाहीं,” त्या म्हणाल्या, “पण हाताला लागतात. गाडींत बसतांना मी रोज येथें हात लावून मग पलीकडे जातें. तुम्हां दोघांना ठाऊक नसेल.”

मग कारागीरच बोलला. तो म्हणाला, “आजी, दोन्ही होतील असें करूं. चरा दिसतो तो खोलीमुळें नाहीं. त्याची कड धारदार असते, तिच्यावर उजेड अडकतो म्हणून दिसतो. मी फक्त कडा बोथट करतों. एखाददुसरा मायक्रॉन जाईल, त्यापेक्षां जास्त नाहीं. लांबून दिसणार नाहीं. बोटाला मात्र लागेल.”

त्यानें यंत्र बाजूला ठेविलें. अंगठ्याएवढा स्पंजाचा तुकडा घेऊन, अगदीं सौम्य मलमानें, तो एकेका चऱ्याच्या कडेवरून हातानें फिरूं लागला. अर्धा तास लागला. मधून मधून तो थांबून यंत्राचा आंकडा पाही. शेवटीं ८२ वर तो थांबला, आणि त्यानें दिवा धरला. छिद्राभोंवतींची ती पांढरी, रागीट नक्षी मावळली होती. जेथें ती होती तेथें, वाकून पाहिलें तर, पाण्यावर मंद वारा गेल्यासारख्या कांहीं छाया होत्या. दादांनीं पाहिलें, आणि ते एवढेंच म्हणाले, “हें ठीक आहे.” मातोश्रींनीं पुन्हां बोट फिरविलें, त्यांनीं कांहींच म्हटलें नाहीं, पण बोट तेथें थोडा वेळ राहिलें.

आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस यांतून घेण्यासारखें कांहीं आहे, असें आम्हांस वाटतें. चार भाऊ, तीन जावा, दोन पिढ्या एका छपराखालीं राहिल्या म्हणजे रोजच्या व्यवहाराची धूळ एकमेकांच्या अंगावर घासली जाणारच. त्यांतले बहुतेक चरे भोवऱ्यांसारखे वरवरचे असतात. सणासुदीच्या एका दिवसानें, एका गोड शब्दानें ते जातात. पण कांहीं खोल असतात. ते समूळ नाहींसे झालेच पाहिजेत, असा हट्ट धरून जो तो जुने हिशेब उकरूं लागला, तर चऱ्यासाठीं सबंध घराचा लेप झिजतो. आणि तो पुन्हां भाजून बसविण्याइतकी उष्णता नंतरच्या आयुष्यांत मिळेलच असें नाहीं. अशा ठिकाणीं कड बोथट करून थांबणें, हें मोठें कसब आहे. दुखणें नाकारावयाचें नाहीं. डोळ्यांत सलूं मात्र द्यावयाचें नाहीं. कोठें घासावें हें पुष्कळांस कळतें. कोठें थांबावें, हें ज्याला कळलें त्यासच आम्ही खरा कारागीर म्हणूं.

लग्न यथासांग पार पडलें. पुतणी त्याच मोटारींतून गेली, आणि दाराकडे कोणाचें लक्षहि गेलें नाहीं. कारागिरानें निघतांना जी शिकवण दिली होती, ती मात्र आम्हीं घरांत लागू केली आहे. वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों. कोरडी धूळ फडक्यानें कधींहि झाडूं नये. आधीं पाण्याच्या धारेनें ती वाहून जाऊं द्यावी. साबणाची एक बादली आणि स्वच्छ पाण्याची दुसरी, अशा दोन ठेवाव्या. फडकें मोटारीवरून फिरवून आलें, कीं आधीं दुसरींत खळबळून मगच पहिलींत बुडवावें. वरून खालीं यावें, कारण अधिक घाण खालीं असते. हात गोल न फिरवितां सरळ ओढावा, आणि भार देऊं नये. जमिनीवर पडलेलें फडकें त्या दिवशीं पुन्हां मोटारीला लावूं नये. उन्हांत तापलेल्या मोटारीवर पाणी वाळूं देऊं नये. एवढें पाळलें तर पॉलिशची पाळी क्वचित् येते, आणि शिल्लक पुष्कळ वर्षें पुरते.

आतां रविवारीं सकाळीं दादा आणि आम्ही मिळून मोटार धुतों. पहाटेच्या माणसास त्याचे पैसे चालूच आहेत. त्याला फक्त कांचा पुसावयास सांगितलें आहे, आणि एक फडकें आमच्या मोटारीपुरतें निराळें दिलें आहे. धुणें झाल्यावर दुसऱ्या बादलींतलें पाणी थोडा वेळ निवूं दिलें, कीं तळाशीं बारीक वाळूचा थर बसलेला दिसतो. धाकटीं मुलें तो पाहावयास जमतात, आणि दादा त्यांस बोटानें दाखवितात, कीं बाबांनो, ही आज मोटारीवर राहिली नाहीं, बादलींत राहिली. मग तें पाणी तुळशीशेजारच्या जास्वंदीला घालतों.